जहाजाचा उंबरठा

राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव जैतापूरच्या खाडीच्या उत्तर तीरावर वसले आहे. अर्जुना नदी येथे समुद्राला मिळते. खाडीवर नजर ठेवून यशवंतगड उभा आहे, आणि समुद्राच्या बाजूस मुसाकाजीचे बंदर व आंबोळगडचा किनारा आहे. सतराव्या शतकात राजापुरात इंग्रजांची वखार होती, तेव्हा तिचा माल याच खाडीतून ये-जा करी. पुढे आगबोटींचा काळ आला आणि मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटी मुसाकाजीलाही थांबू लागल्या. आज सत्तरी ओलांडलेल्या अनेक राजापूरकरांना त्या बोटी आठवतात. भाऊच्या धक्क्यावरची गर्दी, डेकवर पसरलेली सतरंजी, उशाला घेतलेली वळकटी आणि खोल पाण्यात उभ्या राहिलेल्या बोटीतून होडीत उतरतानाची धांदल त्यांच्या मनात अजून ताजी आहे.

तो जलमार्ग आता पुन्हा खुणावू लागला आहे. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे पर्यटक जहाज सुरू झाले. जपानमध्ये वापरून झालेले हे जहाज नव्याने सजवून आणले होते. कान्होजी आंग्रे यांचे आणि विजयदुर्गासमोर भर समुद्रात असलेल्या प्रवाळ-पठाराचे नाव त्याला दिले होते. आत मराठ्यांच्या सागरी इतिहासाची भित्तिचित्रे होती, आणि शेजारीच आधुनिक उपाहारगृहे व शयनकक्षही होते. त्या फेऱ्या पुढे थांबल्या. २०२५ साली मुंबईहून जयगड व विजयदुर्गपर्यंत रो-रो सेवेची घोषणा झाली. विजयदुर्ग नाट्यापासून दक्षिणेस फार दूर नाही. त्यामुळे ‘आईला एकदा बोटीने गावी नेऊ या’ हा विचार घरोघरी होणे स्वाभाविक आहे.

अशी जुनी लहान जहाजे नव्याने सजवताना एक वाद हमखास उपस्थित होतो : सजावट लाकूड-पितळेची पारंपरिक असावी की काच व पोलादाची आधुनिक? तरुण प्रवाशासाठी हा रुचीचा प्रश्न आहे. वृद्ध प्रवाशासाठी मात्र तो हाताच्या पकडीचा, नजरेचा आणि तोल सांभाळण्याचा आहे. उतारवयात एका पडण्याने मांडीचे हाड मोडते आणि स्वतःच्या पायांनी हिंडण्याचे स्वातंत्र्य कायमचे जाऊ शकते.

जुन्या जहाजांची सजावट केवळ शोभेसाठी नव्हती. बोळांच्या दोन्ही बाजूंना लाकडी कठडे असत, कारण जहाज डुलते. मेजांच्या कडा उंचावलेल्या असत, म्हणजे पेला घसरत नसे. खुर्च्या जमिनीला पक्क्या केलेल्या असत, त्यामुळे आधारासाठी धरल्या तरी सरकत नसत. लाकडाचा स्पर्शही ओळखीचा आणि उबदार असतो. ओटी, माजघर आणि झोपाळा यांत आयुष्य गेलेल्या माणसाला असे वातावरण परके वाटत नाही. विस्मरणाचा विकार असलेल्यांना तर ओळखीच्या वस्तूंमुळे जागेची खूण पटण्यास मदत होते.

तरीही परंपरेचे सारेच हितकारक म्हणता येणार नाही. पाणी आत येऊ नये म्हणून जहाजांच्या दारांना उंच उंबरठे ठेवत. घरचा उंबरठा आपल्या पायांना पाठ असतो, पण जहाजाचा नसतो. जुने जिने चढे व अरुंद असतात. गडद लाकडी भिंती प्रकाश शोषून घेतात. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, हे लक्षात घेतले म्हणजे मंद दिव्यांचा थाट किती धोक्याचा आहे ते कळते. शिवाय लाकूड पेटते. १९३४ साली ‘मॉरो कॅसल’ या अमेरिकी जहाजाला आग लागली. लाकडी तावदानांमुळे ती झपाट्याने पसरली आणि १३७ जण मृत्युमुखी पडले. नंतरच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी ज्वालाग्राही सजावटीवर कठोर बंधने आणली. म्हणून आज जहाजावर दिसणारे ‘लाकूड’ बहुधा न जळणाऱ्या फळीवरचा पातळ थर असते.

आधुनिक सजावटीने रुंद दारे, भरपूर उजेड, सहज धुता येणारे पृष्ठभाग आणि उंबरठा नसलेली न्हाणीघरे दिली, हे तिचे श्रेय आहे. पण तिचे दोषही आहेत. चकचकीत फरशीवर उजेड परावर्तित होतो आणि ती ओली असल्याचा भास होतो. गडद नक्षीचा गालिचा क्षीण नजरेला खड्ड्यासारखा दिसू शकतो. पारदर्शक काचेचे दार लक्षात येत नाही. मोठ्या आरशात दिसणारे माणूस कोण, या संभ्रमाने विस्मरणाचा रुग्ण घाबरू शकतो. ठेंगण्या, मऊ कोचातून दुखऱ्या गुडघ्यांनी उठणे अवघड जाते. सर्व दारे एकसारखी असली तर रात्री स्वतःची खोली सापडत नाही.

म्हणून डोळ्यांना परंपरा आणि हातापायांना आधुनिक सोय मिळेल, असा मेळ सर्वांत इष्ट होय. भित्तिचित्रे, पितळी दिवे, ओळखीचे रंग अवश्य असावेत. पण कठडा सलग आणि मुठीत मावणारा हवा, पायऱ्यांच्या कडा वेगळ्या रंगाच्या हव्यात, जमीन साधी व न घसरणारी हवी.

तिकीट काढण्यापूर्वी शुश्रूषा करणाऱ्यांनी काही गोष्टी विचाराव्यात : खोलीच्या व न्हाणीघराच्या दाराला उंबरठा आहे का? कमोडशेजारी धरायला दांडी आहे का? रात्री मंद दिवा चालू राहतो का? उद्वाहन आहे का? चढण्या-उतरण्यासाठी फलाट आहे की होडी? खोली शक्यतो जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. डोळे आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय यांचा मेळ बसला नाही की बोट लागते. अशा वेळी क्षितिजाकडे पाहत बसावे. उलटीवरील काही औषधांनी वृद्धांना गुंगी, संभ्रम किंवा लघवीचा अवरोध होतो. म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच न्यावीत. रबरी तळव्यांची, मागून बंद असलेली पादत्राणे आणि खोलीच्या दारावर अडकवायला घरचा एखादा रंगीत रुमाल सोबत असावा.

मुसाकाजीला होडीत उतरताना पूर्वी कोणी ना कोणी खालून हात देत असे. नव्या जहाजावर तो हात कठड्याच्या, उजेडाच्या आणि सपाट दाराच्या रूपाने ठेवलेला आहे की नाही, हे पाहूनच घरच्या ज्येष्ठांना समुद्रावर न्यावे.