कार्टरटनच्या जॉर्जिनाबाई

६ मार्च २०२३ रोजी न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन येथे जॉर्जिना बायर यांनी वयाच्या ६५ व्या वर्षी जगाचा निरोप घेतला. उघडपणे पारलिंगी असलेल्या जगातल्या पहिल्या महापौर आणि पहिल्या खासदार म्हणून त्यांची नोंद आहे. पलूस तालुक्यातल्या आम्हा कुंडलकरांना मात्र त्यांच्याइतकीच त्यांना निवडून देणाऱ्या गावाचीही आपुलकी वाटते.

जन्म १९५७ चा, माओरी कुळातला. सुरुवातीची वर्षे आजी-आजोबांच्या शेतावर गेली. घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवले. आपण बाई आहोत हे त्यांचे त्यांना कळत होते. पुढे वेलिंग्टनच्या क्लबांत त्या गायल्या, नाचल्या. पोटासाठी देहविक्रयही केला आणि तो कधी लपवला नाही. १९८४ साली लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली. ‘ज्वेल्स डार्ल’ या टीव्ही नाट्यातल्या भूमिकेसाठी १९८७ साली त्यांना अभिनयाच्या पुरस्काराचे नामांकन मिळाले.

१९९० च्या सुमारास त्या कार्टरटनला आल्या. मेंढ्या राखणाऱ्या शेतकऱ्यांचा, जुन्या वळणाचा तो मुलूख. तिथे त्यांनी नाटक शिकवले, रेडिओवर निवेदन केले, अडल्यानडल्यांची कामे केली. गावाने त्यांना १९९३ मध्ये परिषदेवर घेतले, १९९५ मध्ये महापौर केले आणि १९९८ मध्ये तर सुमारे ९० टक्के मते दिली. पूर्वायुष्य सगळ्यांना माहीत असूनही दिली! आपला कारभार कोणाच्या हाती द्यायचा हे गावाने ठरवायचे, ही गोष्ट कुंडलला स्वातंत्र्यलढ्यातल्या १९४३ च्या प्रतिसरकारपासून ठाऊक आहे. म्हणून त्या मतांचे मोल इथे नीट उमजते.

१९९९ मध्ये त्या मजूर पक्षाच्या खासदार झाल्या. देहविक्रय करणाऱ्यांना गुन्हेगार न मानणारा कायदा २००३ साली ६० विरुद्ध ५९ मतांनी मंजूर झाला. ते जिणे स्वतः जगून त्यावर बोलणाऱ्या सभागृहात त्या एकट्याच होत्या. काही मते त्यांच्या भाषणाने वळली, असे मानले जाते.

२००७ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली. पुढे मूत्रपिंडे निकामी झाली. २०१७ साली एका मित्राने आपले मूत्रपिंड दिले आणि आणखी काही वर्षे मिळाली.

त्याच २०१७ साली इकडे महाराष्ट्रातही माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केले. उद्या आपल्या पलूस तालुक्यात असा अर्ज कोणी भरला, तर मतदारांनी आधी उमेदवाराचे काम विचारावे, एवढीच विनंती.