ट्यूडर घाट आणि आमचे जोते

जुन्या घराची गिऱ्हाइके दोन प्रकारची. एकास घर हवे असते, दुसऱ्यास घराखालची जमीन. अफझलगंजातील आमच्या घराकडे आजवर दुसऱ्या प्रकारचीच फिरकली. पहिल्या प्रकारचे गिऱ्हाईक आमच्याच कुटुंबात निघावे, आणि तेही अमेरिकेत, हा योग मौजेचा खरा.

आमचा पुतण्या शिकागोजवळ १९२० च्या सुमाराचे एक घर घेऊ पाहत आहे. त्याने छायाचित्र धाडले: उभ्या उताराचे छप्पर, उंच धुराडे, बारीक तावदानांच्या खिडक्या आणि पांढऱ्या भिंतीवर काळ्या लाकडाच्या उभ्या, आडव्या, तिरप्या पट्ट्या. या घाटास ट्यूडर म्हणतात. इंग्लंडात ट्यूडर घराण्याचे राज्य १४८५ ते १६०३ पर्यंत होते. त्या काळी ओकच्या लाकडाचा सांगाडा घराचा भार वाही आणि मधले गाळे कूड घालून मातीने लिंपीत. वाड्यातले खांब आणि तुळया पाहिलेल्या वाचकांस हे निराळे समजावून सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा घाट पुन्हा रूढ झाला, पुढे अमेरिकेत गेला. मात्र तोवर पट्ट्या बहुधा शोभेपुरत्याच उरल्या होत्या. तरीही लोक भुलतात. शेजारच्या घरासारखे आपले घर नाही, त्यावर कारागिराचा हात फिरला आहे, याचे सुख काही निराळेच. छपराच्या दुरुस्तीचा खर्च मागाहून कळतो!

आमच्या शहरास हा मोह नवा नाही. नबाब विकार-उल-उमरा यांनी १८८४ मध्ये पायाभरणी केलेल्या फलकनुमा महालात इटालियन घाटाबरोबर ट्यूडर घाटही मिसळलेला आहे. तो सहाव्या निजामांच्या मनात भरला आणि त्यांनी तो घेतला. २०१० पासून तेथे हॉटेल आहे.

आमच्या घरास घाट असा नाही. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुराने अफझलगंज धुऊन नेल्यावर पणजोबांनी ते पुन्हा उभारले. जोते कंबरभर उंच ठेवले. सागाचे बारा खांब आहेत. त्यांतला एकही शोभेचा नाही. परवा आलेल्या दलालाने त्या जोत्यावर टेकून पान खाल्ले आणि म्हणाला, "साब, घर का क्या, जमीन का बोलो." खांबांचे गिऱ्हाईक वेगळे आहे म्हणे, जुने सागवान उपाहारगृहांच्या सजावटीस जाते.

पुतण्यास तिकडचे घर घेण्यासाठी रक्कम कमी पडते. म्हणून धाकटे बंधू आपला वाटा मागत आहेत. मागणी न्याय्य आहे. सरकारी शाळेतील मुख्याध्यापकाच्या शिलकीतून त्यांचा वाटा देणे होत नाही, आणि खांब तोडून वाटणी करता येत नाही.

आम्ही पुतण्यास लिहिले, "बाळ, त्या पट्ट्यांवर भार आहे का, तेवढे विचारून घे." उत्तर लगेच आले: "नाही काका, खिळ्यांनी ठोकलेल्या आहेत. पण दिसायला फार सुंदर दिसतात."

घरात राहावयास येणारा कोणी भेटल्यास चार पैसे कमी घ्यावे, असे बंधूंस सुचविले. त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे.