मिलिटरी अपशिंग्याला जाऊन आलो

"मिलिटरी का?" कंडक्टरने विचारले. मी नुसते अपशिंगे म्हणालो होतो. शेजारी बसलेल्या दादाने मान हलवली, आणि सातारा सोडल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या मिशीत थोडे हसू दिसले.

साताऱ्याहून हे गाव सुमारे 18 किलोमीटर. कराडकडे जाणारा मोठा रस्ता सोडून आत वळले की उसाचे फड लागतात. माघ चालू होता, तोडी जोरात होत्या. उसाने वाकलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर बाजूला घेत आमची एस.टी. रडतखडत चालली होती. मधूनमधून आल्याचे वाफे दिसले की दादा खिडकीतून वाकून पाही. आमच्या दीड एकरात यंदा आले लावावे की न लावावे, यावर आमचे महिनाभर एकमत झालेले नाही.

पण आम्ही आले पाहायला निघालो नव्हतो. दादाच्या पलटणीतले एक सुभेदार या गावचे. त्यांना भेटून नोकरीचे विचारायचे, असे मी ठरवले होते. दादा स्वतःसाठी कुणाकडे काही मागणार नाही, म्हणून मी बरोबर.

दादाची हकिगत थोडी मागून सांगायला हवी. आई म्हणते, तो दुष्काळात झाला, सुकडी वाटत होते त्या वर्षी, माघात. म्हणजे 1973 साल. पण ताईला एकटीला शाळेत पाठवायचे नाही म्हणून वडिलांनी याला सव्वाचार वर्षांचा असतानाच तिच्याबरोबर बसवला. मास्तरांनी 1 जून 1971 ही तारीख घालून टाकली. आपल्या पिढीत गावोगाव एक जूनला किती पोरे जन्मली, ते वाचकांना सांगायला नको! पुढे 1990 साली बेळगावला भरती झाली, तेव्हा ही वाढीव तारीख उपयोगीच पडली. छाती भरली, उंची भरली, कागदावर वयही भरले. घरी पेढे वाटले.

सतरा वर्षे नोकरी करून 2007 साली दादा घरी आला. कागदावर 36. पुढे एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार म्हणून लागला. तेरा वर्षांत चोरी नाही, खाडा नाही. मग 2021 साली रखवालीचे कंत्राट दुसऱ्या एजन्सीकडे गेले. एक पंचविशीतला पोरगा यादी घेऊन आला. "काका, पन्नाशीच्या आतलेच घ्यायचेत. तुमचं वय बसत नाही," म्हणाला. कागदावर दादाला पन्नास भरून चार महिने झाले होते. आईच्या हिशेबाने अठ्ठेचाळीस चालू होते. आईचा हिशेब कोण धरतो?

गावात उतरलो आणि आधी स्मारकाकडे गेलो. पहिल्या महायुद्धात, 1914 ते 1918 या काळात, या एका गावचे 46 जवान कामी आले. इंग्रज सरकारने त्यांची आठवण म्हणून हे स्मारक उभारले. घराघरातून माणूस फौजेत, म्हणून गावाच्या नावालाच मिलिटरी चिकटले. सेहेचाळीस हा आकडा मी आधी ऐकला होता. पण तिथे उभे राहून आपल्या गावची घरे मोजू लागलो, तेव्हा अंगावर काटा आला. आमच्या आळीत सगळे मिळून तेवढे कर्ते पुरुष नसतील. दादाने चपला काढल्या आणि सावधान उभा राहिला. मी हात जोडले. आम्ही दोघांनीही काही बोललो नाही.

सुभेदारसाहेबांनी पडवीत घोंगडे टाकले. आतून वहिनींनी गुळाचा चहा पाठवला. दादाने त्यांना "साब" म्हणून कडक सलाम केला, तर ते म्हणाले, "अरे, आता कसला साब! म्हशीचं शेण मीच काढतो." मग मी मुद्द्याला हात घातला. दादा उठून म्हशी बघायला गेला.

साहेबांनी पाटीवर मुलाला शिकवावे तसे समजावून दिले. फौजेत शिपाई साधारण पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो, कारण फौज तरुण ठेवायची असते. मग सरकार म्हणते, याच्यावर अन्याय नको. केंद्राच्या 1979 च्या नियमांप्रमाणे माजी सैनिकाच्या वयातून फौजेतली वर्षे वजा करतात, आणि उरलेले वय मर्यादेच्या वर तीन वर्षांपर्यंत गेले तरी चालते. केंद्राच्या गट क मध्ये 10 टक्के जागा राखीव. आपल्या राज्यात गट क आणि ड मध्ये 15 टक्के. शिवाय दहावी पास होऊन 15 वर्षे नोकरी केली असेल, तर गट क च्या जागांसाठी पदवीच्या तोडीचे प्रमाणपत्र मिळते.

"मग अडचण कुठे आहे?" मी विचारले.

"तुझ्या दादाचंच गणित कर. 2007 ला छत्तीस वजा सतरा, एकोणीस. पोरगाच की! मर्यादा सत्तावीसची असली तर तीन धरून तीसपर्यंत त्याला दार उघडं. आता चौपन्न वजा सतरा?"

सदतीस. फौजेतली वर्षे सरकार वजा करते. कारखान्याच्या फाटकावर उभे राहून घालवलेली तेरा वर्षे वजा होत नाहीत. ही गोष्ट आम्हाला कुणी 2007 साली सांगितली नाही. खोटे कशाला बोलू, आम्हीही विचारली नाही. हातात पगार येत होता, पेन्शन होते, बरे चालले होते. राज्याच्या जाहिरातीत मर्यादा निराळी असते, म्हणून साहेब म्हणाले की प्रत्येक जाहिरात नीट वाचावी. पण तिथेही परीक्षा आलीच, आणि ती विशीतल्या पोरांच्या रांगेत बसून द्यायची. खासगीत तर वयावरून नकार देऊ नये असा कायदाच नाही. मालकाच्या मनाला येईल ती मर्यादा.

इतक्यात शेजारचे एक हवालदार आले. चाळिशी ओलांडलेले, नुकतेच निवृत्त. हातात स्पर्धा परीक्षेचे जाडजूड पुस्तक. त्यांची मुलगीही तीच परीक्षा देते आहे. घरात पुस्तक एकच, म्हणून दिवसा मुलगी वाचते आणि रात्री बाप. "सीमेवर रात्रपाळीची सवय आहे, झोप येत नाही. पण पाठ राहत नाही हो," ते म्हणाले. पळण्यात अजून पोरांना मागे टाकतात म्हणे. चक्रवाढ व्याजात मात्र अडकतात, तेव्हा मुलगी समजावते. दोघांपैकी एकीलाच लागली तर बरे, असे बोलून ते हसले. कोण एक ते सांगावे लागले नाही.

लोक म्हणतात, पेन्शन आहे, मग यांना काम कशाला? मीही पूर्वी म्हणत असे. शिपायाच्या पेन्शनीवर दोन मुलांची कॉलेजे आणि आईचे औषधपाणी चालवून पाहावे. आणि पैशाचे सोडा. पहाटे चारला उठून, दाढी करून, बूट घासून दिवसभर अंगणात बसणारा माणूस घरात असला की काय वाटते, ते त्या घरालाच ठाऊक.

दादा म्हशींकडून परत आला, तेव्हा मी साहेबांसमोरच एक गोष्ट काढली. एका दलालाने आधारवरची तारीख बदलून देतो म्हटले होते. खरी जन्मतारीखच तर घालायची, त्यात पाप काय, असे माझे म्हणणे. साहेब बोलायच्या आत दादा बोलला.

"डिस्चार्ज बुकात एकाहत्तर आहे. त्या बुकावर मी सतरा वर्षं खाल्लं. आता ते खोटं म्हणू?"

मला तेव्हा त्याचा राग आला. अजूनही थोडा आहे.

साहेबांनी विचारले, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली नोंदणी चालू आहे का? नव्हती. तेरा वर्षांत नूतनीकरण केलेच नव्हते. "आजच्या आज जा," ते म्हणाले. "मेस्कोकडेही विचार, ते महामंडळ माजी सैनिकांचंच. वयाची अट तिथेही असेल, पण समोरचा फौजी म्हणून तरी बोलेल." मग रस्त्यावरून पळत चाललेल्या पोरांकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमचं सतरा वर्षांचं तरी होतं. 2022 पासून ही पोरं चार वर्षांसाठी जातात. मूळ नियमाप्रमाणे चौघांत जास्तीत जास्त एक कायम राहायचा. बाकीचे पंचविशीच्या आसपास घरी, आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही."

निघताना वहिनींनी पिशवीत बेण्याचे आले घातले, दोन-अडीच किलो. म्हणजे आमच्या महिनाभराच्या वादाचा निकाल परस्पर लागला.

साताऱ्याला कार्यालयात नोंदणीचा अर्ज भरला. जन्मतारखेच्या रकान्यात दादाने एक जून एकाहत्तर लिहिले, ठळक अक्षरांत. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

परतीच्या गाडीत कंडक्टरने दादाच्या पांढऱ्या मिशीकडे पाहून विचारले, "बाबा, पासष्टच्या वर का? कार्ड दाखवा, अर्धं तिकीट देतो."

"पूर्ण," दादा म्हणाला. "दोन पूर्ण."