कोलाजमधला सांधा

‘कोलाज’ हा शब्द चिकटवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे; मात्र अतिवास्तववादी कोलाजमध्ये, म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या प्रतिमा शेजारी आणून स्वप्नात शोभेल असे दृश्य उभे करणाऱ्या चित्रप्रकारात, खरी कसोटी लागते ती दोन तुकड्यांमधला सांधा लपवावा की दाखवावा हे ठरवताना. गाण्यांच्या अल्बमच्या आवरणासाठी या प्रकाराचा आधार घेणाऱ्याला हा निर्णय टाळता येत नाही, हे प्रस्तुत लेखिकेला एका स्नेह्याच्या अल्बमचे आवरण करताना दोन आराखडे फसल्यावर कळले.

पहिला आराखडा रद्दीतून आणलेले जुने दिवाळी अंक, कॅलेंडरे आणि शालेय विज्ञानाची पुस्तके कापून तयार झाला होता, आणि त्यात मासा, शिलाई यंत्र, जिना, मानवी कान अशा सात प्रतिमा असूनही विस्मय मात्र कुठेच नव्हता. कारण तांत्रिक होते: कॅलेंडरचा गुळगुळीत कागद, अंकातील हाफटोनचे, म्हणजे छायाचित्र छापताना पडणारे बारीक ठिपके आणि पाठ्यपुस्तकातील रेषा यांचा पोत व प्रकाश निरनिराळा असल्यामुळे पाहणाऱ्याला स्थळ दिसण्याआधी कात्री दिसत होती.

अतिवास्तववादी चित्रकार माक्स अर्न्स्टने ही अडचण मुळातच सोडवलेली होती. 1934 साली पाच पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झालेल्या ‘उन सेमॅन द बोन्ते’ या चित्रकादंबरीसाठी त्याने मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील लोकप्रिय पुस्तकांतली कोरीव चित्रे कापली; या चित्रांत छाया समांतर रेषांनीच दाखवलेली असल्याने माणसाच्या धडावर पक्ष्याचे डोके बसवले तरी रेषेचा धागा तुटत नाही, आणि डोळा आधी विश्वास ठेवतो, मग दचकतो. हिप्नोसिस या ब्रिटिश संस्थेने लेड झेपेलिन या रॉक बँडच्या ‘हाउसेस ऑफ द होली’ या 1973 च्या अल्बमसाठी हेच तत्त्व छायाचित्रात आणले: उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवे या षटकोनी खडकांच्या किनाऱ्यावर दोनच भावंडांची कृष्णधवल छायाचित्रे घेऊन, ती जोडून व हाताने रंगवून, मुलांचा अख्खा थवा खडक चढताना दाखवला.

याउलट चित्रकार क्लाउस फोरमानने 1966 च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमसाठी बीटल्सचे चेहरे शाईच्या रेषांनी काढले आणि त्यांच्या केसांत छायाचित्रांचे तुकडे उघडपणे चिकटवले. तेथे सांधा लपवलेला नाही, कारण रेखाटन आणि छायाचित्र यांचा विसंवाद हाच त्या आवरणाचा आशय आहे, आणि लेखिकेच्या मते अर्न्स्टच्या सफाईपेक्षा हे धाडस मोठे आहे.

दुसऱ्या आराखड्यात लेखिकेने एकाच विज्ञानपुस्तकातील रेखाचित्रे घेतली, चिकटवल्यावर त्यांची झेरॉक्स काढून कागदांच्या कडा पुसल्या, आणि कानाच्या छेदात शंखाच्या वळणाची जी नळी असते तिच्या जागी खरोखरीचा शंख बसवला. सांधा नाहीसा झाला, तरीही चित्र निर्जीवच राहिले, कारण दोन वस्तूंच्या आकारात साम्य असल्यामुळे कोडे पडण्याआधीच सुटत होते. शंखाच्या ठिकाणी ज्वलनाच्या धड्यातला कंदील आल्यावर मात्र स्नेही बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग त्याने दिवा कोणासाठी लावला आहे असे विचारले.

उरला प्रश्न आकाराचा होता. एलपीचे आवरण सुमारे 12 इंच चौरस असते, तर हा अल्बम बहुतेक श्रोत्यांना भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नखाएवढा दिसणार होता, म्हणून अखेर कान आणि कंदील एवढेच ठेवले गेले, व कंदिलाभोवती कात्रीने सुटलेली अर्ध्या मिलिमीटरची पांढरी कड पुसण्याऐवजी लेखिकेने ती 2 मिलिमीटरपर्यंत वाढवली.