वाकाटिपूच्या आकाशांतून

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटांत, उंच पर्वतांच्या कुशींत, वाकाटिपू नांवाचें एक सरोवर आहे. त्याची लांबी सुमारें ८० किलोमीटर व क्षेत्रफळ २९१ चौरस किलोमीटर असून आकार विजेच्या रेषेसारखा दोन ठिकाणीं मोडलेला आहे. पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून ३१० मीटर उंचीवर आहे खरा. परंतु सर्वांत खोल ठिकाणीं पाणी ३८० मीटर असल्यामुळें तेथील तळ समुद्राच्या पातळीहूनही खालीं गेला आहे. हिमयुगांत एका प्रचंड हिमनदीनें डोंगर कोरून ही द्रोणी केली व बर्फ वितळल्यावर तींत पाणी सांचलें. वरच्या टोंकास डार्ट व रीस या नद्या सरोवरास मिळतात आणि कवाराऊ नदी त्याचें पाणी पूर्वेकडे वाहून नेते. मधल्या भागाच्या कांठीं क्वीन्सटाउन हें टुमदार गांव आहे. १८६० सालीं विल्यम रीस यानें येथें मेंढ्यांचें कुरण वसविलें. १८६२ सालीं जवळच्या ॲरो व शॉटओव्हर या नद्यांच्या वाळूंत सोनें सांपडलें आणि माणसांची झुंबड उडाली. पुढें सोनें सरलें, सरोवर मात्र राहिलें. आणि आज गांवाचा चरितार्थ प्रामुख्यानें सरोवर व डोंगर पाहावयास येणाऱ्या प्रवाशांवर चालतो.

तेथील मूळ रहिवासी जे माओरी लोक, त्यांचें स्थलपुराण ऐकण्यासारखें आहे. माताउ नांवाच्या राक्षसानें मनाता नांवाची सरदारकन्या पळवून नेली. तिचा प्रियकर माताकौरी यानें राक्षस झोंपला असतां त्यास आग लावली. देह जळून जमिनींत खोल खळगा पडला, तेंच हें सरोवर: ग्लेनॉर्चीकडे डोकें, क्वीन्सटाउनपाशीं गुडघे आणि दक्षिणेस किंग्स्टनपाशीं पाय. हृदय मात्र जळलें नाहीं. तें अजून धडधडतें, म्हणून सरोवराचें पाणी वर-खालीं होतें. नवल हें कीं पाणी खरोखरच पंचवीस-सत्तावीस मिनिटांच्या अंतरानें कांहीं सेंटिमीटर चढतें व उतरतें. लांब व अरुंद पात्रांतील पाणी वाऱ्यानें किंवा हवेच्या दाबांतील फरकानें एकदां हललें, कीं परातींतील पाण्याप्रमाणें तें या टोंकाकडून त्या टोंकाकडे झुलत राहतें. शास्त्रानें कारण सांगितलें म्हणून कथेची गोडी कमी होत नाहीं. उलट पाण्याकडे इतक्या बारकाईनें पाहणाऱ्या पूर्वजांविषयीं आदरच वाटतो.

आमचा धाकटा पुतण्या डनेडिन येथें नोकरीस आहे. गेल्या फेब्रुवारींत, म्हणजे तिकडील उन्हाळ्यांत, आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलों होतों. त्यानें मोटारीनें आम्हांस या सरोवरावर आणलें. येथें विमानांतून उडी घेण्याची सोय आहे. नवख्या माणसास एका निष्णात गड्याच्या छातीशीं पट्ट्यांनीं बांधतात आणि दोघे मिळून एकाच छत्रीनें खालीं उतरतात. पुतण्यानें ही गोष्ट आम्हांस केवळ मौज म्हणून सांगितली. पण ती आमच्या मनांत घर करून बसली.

याला दोन कारणें होतीं. आम्ही बत्तीस वर्षें संस्कृत शिकविलें. शाकुंतलाच्या सातव्या अंकांत दुष्यंत राजा मातलीबरोबर इंद्राच्या रथांतून खालीं उतरतो व वेगानें जवळ येणाऱ्या पृथ्वीचें वर्णन करतो. हा भाग आला कीं एखादा चौकस मुलगा विचारी, “सर, कालिदासानें हें पाहिलें कुठें?” प्रश्न योग्य होता, आणि पाहिल्याखेरीज त्याचें उत्तर देतां येण्याजोगें नव्हतें. दुसरें कारण घरगुती होतें. धाकटे बंधु निवर्तल्यापासून वाईच्या घराचा सर्व कारभार आमच्या हातीं आहे. थोरला पुतण्या आतां चाळिशीचा झाला. शेत, घर, देणें-घेणें सर्व त्यास कळतें. त्याच्या हातीं किल्ल्या द्याव्या, हें मनाला पटत होतें. पण हात पुढें होत नव्हता. आपण हात काढला कीं सर्व कोसळेल, ही भीति कर्त्या पुरुषास किती घट्ट धरून बसते, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नको.

आमच्या कुटुंबानें बेत शांतपणें ऐकून घेतला आणि एवढेंच विचारलें, “अहो, घरीं गच्चीचा जिना चढतांना कठड्याला धरतां, तिथें काय धराल?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. डॉक्टरांचा होकार मिळविला व दुसऱ्या दिवशीं सकाळीं रिमार्केबल्स नांवाच्या पर्वतरांगेच्या पायथ्याशीं जाऊन दाखल झालों. तेथें प्रथम वजन करतात व एका कागदावर सही घेतात. या खेळांत जिवास धोका आहे व तो मला ठाऊक आहे, असा त्या कागदाचा सारांश. आम्ही तो दोनदां वाचला व सही केली.

या छत्रीचा इतिहास मोठा आहे. २२ ऑक्टोबर १७९७ रोजीं आंद्रे-जाक गार्नेरिन हा फ्रेंच गृहस्थ पॅरिस येथें फुग्यांतून वर गेला व कापडी छत्रीनें खालीं उतरला. छत्रीच्या माथ्यास भोंक नसल्यामुळें आंत कोंडलेली हवा कडेनें निसटे व त्याची टोपली भयंकर हेलकावे खाई. आपल्या देशांत १८९० सालीं कलकत्त्याच्या रामचंद्र चतर्जी यांनीं फुग्यांतून छत्रीनें उतरण्याचा पराक्रम केला. आजची छत्री गोल नसून लांबट चौकोनी असते. तिच्या कप्प्यांत हवा भरून ती पंखासारखी तरंगते व वळवितां येते. दोघांनीं एका छत्रीनें उतरण्याची पद्धति अमेरिकेंत १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तयार झाली. दोन माणसांचें वजन दुप्पट, पण हवेस अडविणारें अंग जवळजवळ एकाचेंच. म्हणून त्यांचा वेग फार वाढतो. तो आवरण्यासाठीं उडी घेतांच एक लहानशी छत्री मागें सोडतात, व मग वेग ताशीं सुमारें २०० किलोमीटरवर स्थिर होतो. पाठीवरील पिशवींत मुख्य छत्रीखेरीज एक राखीव छत्री असते. आणि ठराविक उंचीखालीं येऊनही वेग कमी झाला नाहीं, तर ती राखीव छत्री आपोआप उघडणारें एक यंत्रही असतें. आमच्या गड्यानें हें सर्व हातांत घेऊन दाखविलें. आमचा विश्वास आंधळा नव्हता. त्याखालीं इतक्या लोकांच्या शंभर-दोनशें वर्षांच्या अनुभवाचा पाया होता.

हा आमचा मातली वयानें तिशीचा, म्हणजे आमच्या अखेरच्या विद्यार्थ्यांपैकीं एखादा शोभेल असा. त्यानें आम्हांस तीन गोष्टी पाठ करावयास सांगितल्या: बाहेर पडतांना मान मागें, पाय विमानाच्या पोटाखालीं वांकविलेले, आणि उतरतांना पाय वर. मग त्यानें त्या आमच्याकडून म्हणवून घेतल्या. बत्तीस वर्षें आम्ही दुसऱ्यांकडून पाठ म्हणवून घेतले. आतां ती पाळी आमच्यावर आली होती.

विमान लहान होतें. जसजसें तें चढूं लागलें, तसतसें सरोवर उलगडत गेलें. कांठावर उभें राहून त्याचा एकच तुकडा दिसे. आतां माताउ राक्षसाचें डोकें, गुडघे व पाय एकदम दिसले. निळें पाणी, पिंवळट गवताचे डोंगर, उत्तरेस अर्नस्लॉचें हिमाच्छादित शिखर, आणि ज्याच्या पायथ्याशीं सकाळीं उभे होतों तो रिमार्केबल्स पर्वत, २,३१९ मीटर उंचीचा, चक्क आमच्या पायांखालीं. बारा हजार फूट म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. दर हजार मीटरला हवा सुमारें साडेसहा अंशांनीं थंड होते. दार उघडलें तेव्हां उन्हाळा खालींच राहिल्याचें कळलें.

आम्ही दाराच्या कडेशीं आलों. पाय बाहेर लोंबत होते, आणि धरावयास कांहीं नव्हतें. कुटुंबाचा प्रश्न तेव्हां आठवला. हात छातीवरील पट्ट्यांवर होते. पण त्या पट्ट्यांनीं आम्हांस धरलें होतें, आम्ही त्यांस नव्हे. मातलीनें आमचें कपाळ हळूच मागें दाबलें, आणि विमान गेलें.

पहिलीं दोन-तीन सेकंदें काय झालें तें सांगतां येत नाहीं. पुढें मात्र एक चमत्कार अनुभवास आला: आपण पडत आहों असें वाटेचना. वाऱ्याचा कानठळ्या बसविणारा आवाज, गालांची फडफड, श्वास घेण्याची धडपड, एवढेंच काय तें जाणवत होतें. कारण शोधूं जातां सोपें आहे. वेग स्थिर झाला कीं हवा खालून तितक्याच जोरानें उचलून धरते. पावसाचा थेंबही असाच एका वेगानें उतरतो. शिवाय जवळ झाड नाहीं, भिंत नाहीं; वेग मोजावा कशावरून? पृथ्वी जिथल्या तिथें, चित्रासारखी. पंचेचाळीस सेकंदें अशीं गेलीं आणि सुमारें पांच हजार फुटांवर छत्री उघडली. एक जोराचा हिसका बसला, आणि सर्व जग एकाएकीं शांत झालें.

आणि मग कालिदासाची पृथ्वी दिसूं लागली. जीं शिखरें पायांखालीं होतीं तीं आतां आमच्याहून उंच झालीं होतीं. चांदीची तार वाटणारी कवाराऊ नदी रुंद झाली, हिरव्या डागांचीं झाडें झालीं, ठिपक्यांच्या मेंढ्या झाल्या. सरोवरांत १९१२ सालापासूनची अर्नस्लॉ नांवाची आगबोट धूर सोडीत चालली होती. अखेरच्या हजार फुटांत तर जमीनच उठून आमच्याकडे येत आहे असा भास झाला. कवीनें हें कोठें पाहिलें, तें आतांही आम्हांस सांगतां येणार नाहीं. कदाचित् एखाद्या उंच कड्यावरून उतरतांना पाहिलें असेल. पण जें लिहिलें तें खरें आहे, एवढें मात्र यापुढें कोणत्याही मुलास आम्ही साक्षीनिशीं सांगूं.

वाटेंत एक गोष्ट घडली. छत्री वळविण्याच्या दोन दोऱ्या मातलीनें आमच्या हातीं दिल्या. उजवी ओढली कीं उजवीकडे, डावी ओढली कीं डावीकडे. स्वतःचे हात त्यानें आमच्या हातांजवळच ठेविले होते, पण लावले नाहींत. मिनिटभर सरोवरावरचें तें आकाश आमच्या हुकमांत होतें. मग त्यानें दोऱ्या परत मागितल्या, व आम्ही दिल्या. पाय वर केले. गवतावर बसत, घसरत आम्ही भूमीवर आलों. कुटुंबाच्या डोळ्यांत पाणी होतें, आणि ओठांवर पहिला प्रश्न चहाचा.

सायंकाळीं सरोवराच्या कांठीं बसलों असतां आम्ही विचार केला. छातीशीं बांधलेल्या माणसाच्या हातीं दोरी द्यावयाची, आपला हात जवळ ठेवावयाचा, पण लावावयाचा नाहीं: चांगला शिक्षक हेंच करतो. वर्गांत आम्ही तें जन्मभर केलें. घरीं तें करण्याची वेळ आली होती. त्याच रात्रीं वाईस दूरध्वनि केला व थोरल्या पुतण्यास सांगितलें कीं कपाटाच्या किल्ल्या देवघरांत, समईच्या फळीवर आहेत, त्या आजपासून तुझ्याकडे. क्षणभर तो बोलला नाहीं. मग म्हणाला, “काका, भाताचा हिशेब कसा धरायचा तेवढें मात्र एकदां सांगा.” आम्ही सांगितला.

वाचकांपैकीं कोणास तिकडे जाण्याचा योग आला तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखाचा. ढग किंवा वारा असेल तर उडी लांबते, म्हणून हातीं एक-दोन दिवस जास्त ठेवावे. वय झालें असल्यास डॉक्टरांस विचारल्यावांचून जाऊं नये. आणि घरांतील एखाद्या मुलीनें हा छंद एकटीनें शिकण्याचा हट्ट धरला, तर एकदम नाहीं म्हणूं नये. पुण्याच्या शीतल महाजन यांनीं २००४ सालीं उत्तर ध्रुवावर उडी घेतली आणि २०१८ सालीं थायलंडमध्यें नऊवारी नेसून विमानांतून उतरल्या. ज्यांस उडी घ्यावयाची नाहीं त्यांनीं आगबोटींतून सरोवर पाहावें. कांठाशीं एक खडा ठेवून अर्धा तास बसलें, तर पाणी त्याच्यापर्यंत येऊन परत जातांना दिसेल.