मामाचा मान कुणाला?

मिसिसागात लग्न ठरलं की पहिलं भांडण दोन घरांत होत नाही, दोन देशांच्या सुट्ट्यांत होतं. ऑन्टारिओतल्या शाळा जूनच्या अखेरीस सुटतात आणि सप्टेंबरात लेबर डे उलटला की भरतात. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यालाच भरतात. म्हणजे पुण्याची मावसबहीण मे महिन्यात मोकळी, स्कारबरोची चुलतभावंडं जुलैत. तारीख कुठलीही धरा, कुणाला तरी गाळावंच लागतं. त्यात आषाढी एकादशी आली की चातुर्मास लागतो. इथे लेक ऑन्टारिओच्या काठावरच्या बागा फुललेल्या, हॉल सजलेले, अंगावर कोट नाही की पायात बूट नाहीत, आणि नेमकं तेव्हाच पंचांग हात आखडतं. कार्तिकात तुळशीचं लग्न लागून मुहूर्त मोकळे होतात, तोवर पिअर्सन विमानतळावर विमानांच्या पंखांवरचा बर्फ काढायची वेळ येते.

मग कुणीतरी काका दाते पंचांग उघडून काढीव मुहूर्त शोधतात. आमच्या शेजारी मागच्या एका जूनमध्ये लग्न निघालं. काकांना गोरज मुहूर्ताची फार हौस. पण जूनमध्ये इथे सूर्य मावळतो रात्री नऊच्या सुमारास, आणि हॉलवाल्याचं जेवण सातला. शेवटी शाळा सुटल्यानंतरचा आणि एकादशीआधीचा शनिवार धरला, सकाळी अकराचा. सगळ्यांना थोडाथोडा गैरसोयीचा, म्हणून सगळ्यांना मान्य.

पत्रिकेवर नेहमीचं सहकुटुंब सहपरिवार छापलं. तिच्याबरोबरच्या छोट्या कार्डावर मात्र ‘आपण किती जण येणार’ हा रोखठोक प्रश्न होता. हॉलवाला ताटावर पैसे घेतो, त्याला परिवार कळत नाही.

प्लॅनर हुशार होती. ब्रॅम्प्टनची, पंजाबी आणि गुजराती लग्नांत मुरलेली. तिने नवरीच्या आईला विचारलं, कार्यक्रम दीड तासात बसवायचा तर कायकाय हवं ते लिहून द्या. ताई लिहायला बसल्या आणि विधींच्या यादीऐवजी माणसांची यादी झाली. होमाला किती मिनिटं लागतात हे त्यांना सांगता येईना, पण नवरीला बोहल्यावर मामा आणतो आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्यामागे उभा राहतो, हे ठाऊक. कऱ्हा घेऊन करवली उभी राहते. लाजाहोमात लाह्या ओंजळीत घालतो तो भाऊ, आणि नवऱ्याचा कान पिळून वर कपडे उकळतो तोही भाऊच. घाणा भरायला सवाष्णी लागतात, गौरीहरापाशी नवरीला बसवायला मामी. सूनमुख पाहायला आरशासमोर सासू. झालीच्या वेळी दिव्यांचं सूप वरपक्षाच्या एकेका वडीलधाऱ्याच्या डोक्यावर टेकवतात आणि मुलगी सोपवतात, म्हणजे तिथे तर अख्खं सासर रांगेत. आपल्या लग्नात देवापेक्षा नातेवाइकांची सोय जास्त पाहिलेली आहे, असं माझं जुनं मत आहे. रुसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कुणीतरी शहाण्याने काहीतरी देऊन ठेवलं आहे.

त्या यादीत पहिल्याच ओळीला अडलं. सांगलीच्या मामाचा व्हिसा आला नाही. आमंत्रणाचं पत्र, बँकेचे कागद, शेताचा सातबारा, सगळं जोडलं होतं. हा अनुभव इथल्या प्रत्येक मराठी घराला कधी ना कधी येतो, त्यामुळे त्यावर कुणी फार रडत नाही. फक्त स्वयंपाकघरात हळूच प्रश्न निघतो: मग मामा कोण?

मामा सापडला तो नागपूरचा. मराठी भाषिक मंडळाच्या गणपतीत ओळख झालेला, मुलीला ह्युरॉन्टारिओ स्ट्रीटवर गाडी शिकवलेला, तिच्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला पहाटे सोडायला गेलेला. रक्ताचं नातं शून्य. त्याला विचारलं तेव्हा तो आधी हसला, मग म्हणाला, “वहिनी, फेटा कोणत्या रंगाचा आणू ते सांगा फक्त.” आणि त्या दिवसापासून त्याचं वागणंच बदललं. हॉलचं भाडं जास्त का, भटजी वेळेवर येतील का, मुलीने इतकी बारीक का व्हावं, सगळ्यात तो नाक खुपसू लागला. असं नाक खुपसण्याचा हक्क मिळतो तेव्हाच माणूस मामा होतो. हा जुगाड आहे, खऱ्याची नक्कल आहे, असं म्हणणारे असतात. मला ते पटत नाही. खरा मामाही जन्माने मामा होतो आणि मग बऱ्याच वेळा तेवढ्यावरच थांबतो.

सांगलीचे मामा मात्र थांबणाऱ्यातले नव्हते. इथले सकाळचे अकरा म्हणजे त्यांच्याकडे रात्रीचे साडेआठ. धोतर नेसून, टोपी घालून, कुटुंबासह ते पडद्यावर हजर. फोन एका भाच्याने तिवईवर लावला होता. मंगलाष्टकं सुरू झाली आणि तिवईतून आवाज आला, “अंतरपाट वर घ्या की, जावयाचं तोंड दिसायलंय!” अंतरपाट वर गेला. हॉलमधल्या कॅनेडियन पाहुण्यांना वाटलं हा विधीचाच भाग असावा, आणि एका अर्थी होताही.

नवरा पंजाबी. त्यांच्याकडे मिलनी असते: वरपक्षाचा मामा वधूपक्षाच्या मामाला हार घालून मिठी मारतो, काका काकाला, आजोबा आजोबांना, आणि ताकद असेल तर उचलतोही. म्हणजे जोडीला जोड लागते. आमच्या बाजूचा मामा उसना आहे हे कळल्यावर काय म्हणतील, अशी ताईंना धास्ती. काहीच म्हणाले नाहीत. त्यांच्या मामाने आमच्या नागपूरकराला जमिनीपासून हातभर वर उचललं आणि फेटा पडला. त्यानंतर कुणाला वंशावळ विचारायचं सुचलं नाही.

आजीचं प्रकरण मात्र मामाइतकं सोपं नव्हतं. नवरीच्या वडिलांची आई सुपर व्हिसावर आलेली. 2011च्या अखेरीस ही सोय निघाली, आणि 2022पासून आईवडिलांना, आजीआजोबांना एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. म्हणजे आजी पाहुणी नव्हे, घरातलीच. प्लॅनरच्या फायलीत तिच्या नावासमोर ‘पहिल्या रांगेत खुर्ची’ एवढंच होतं. हळदीच्या दिवशी ती त्या खुर्चीतही नव्हती. वरच्या खोलीत लाह्या निवडत बसली होती. विधवेने हळदीला हात लावू नये हा नियम तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तो तिने सोबतच्या बॅगेत स्वतःच आणला होता.

आजी कुरुंदवाडची. तिच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. मग राज्य सरकारनेही बाकीच्या गावांना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. नातीने फोनवर ती बातमी काढून आजीसमोर धरली. “आजी, तुमच्या शेजारच्या गावानं केलंय. आपण इतक्या लांब येऊन मागं राहायचं?” आजीने बातमी पुरती वाचली, चष्मा काढला, आणि म्हणाली, “हेरवाडची माणसं पहिल्यापासून अशीच.” हे कौतुक होतं की तक्रार, मला अजून कळलेलं नाही. पण ती खाली आली आणि पहिली हळद तिने लावली. एक काकू शेवटपर्यंत तोंड वाकडं करून बसल्या होत्या. लग्नात एवढं चालायचंच. आणि विधी बदलता येतात ही काही कॅनडात कळलेली गोष्ट नव्हे: 25 डिसेंबर 1873ला सत्यशोधक समाजाने भटजीला वगळून लग्न लावून दाखवलं होतं.

कायद्याची बाजू त्यामानाने कोरडी. सिटी हॉलमधून लायसन्स काढायचं, ते ऑन्टारिओत कुठेही 90 दिवस चालतं, आणि लग्न लावणारा नोंदणी झालेला हवा. पण त्यातही दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. म्हणजे सरकारनेही दोन मान ठेवले आहेत, आमच्या मानाने फारच कंजूसपणा. मुलीने बाकी कुणाला न विचारता ठरवून टाकलं: एक सही नागपूरच्या मामाची, दुसरी नवऱ्याच्या मासीची, जिने त्याला लहानपणी सांभाळलं. काका दोन दिवस गप्प होते. मग त्यांच्याकडे व्याह्यांच्या आहेराचं काम दिलं.

आता सांगायचं राहिलं ते कानपिळीचं. आदल्या संध्याकाळी रंगीत तालमीला वेळ पुरेना. प्लॅनर पेन्सिल घेऊन काटछाट करायला लागली. तिचा मुद्दा रास्त होता: होमाला हॉलवाल्याने मोजकी मिनिटं दिली होती, नंतर धुराचा अलार्म पुन्हा चालू करायचा होता. तिने कानपिळीवर रेघ ओढली. विनोदी आहे, गरजेचं नाही, म्हणाली. त्याच पानावर नवरा-नवरीची धुराच्या यंत्रातून संथ चालीची एंट्री होती, साडेचार मिनिटांची, तिला हात लागला नव्हता.

मी मध्ये पडले. नवरीला सख्खा भाऊ नाही. कान पिळायला चुलतभाऊ कॅल्गरीहून येणार होता. चार तासांचं विमान, पलीकडे बर्फाळ गावात नवी नोकरी, मोठ्या मिनतवारीने मिळालेली रजा. अख्ख्या लग्नात त्याच्या वाट्याला आलेलं काम तेवढंच, अर्ध्या मिनिटाचं. “एंट्रीतलं अर्धं मिनिट काढा,” मी म्हटलं, “धूर तसाही होमातून मिळणारच आहे.” प्लॅनरने माझ्याकडे पाहिलं, पेन्सिलीचं मागचं टोक वळवलं आणि रेघ खोडली. दुसऱ्या दिवशी पोराने कान असा काही पिळला, की नवऱ्याने सुटाबरोबर बुटांचेही पैसे कबूल केले.