मोजलेली मोळी, न मोजलेला पंप

महाराष्ट्रातल्या शेतीपंपांना वीज नेमकी किती लागते, याचं खात्रीचं उत्तर 1990च्या दशकात कोणाकडेच नव्हतं. बहुतेक पंपांना मीटर नव्हते. मोटारीच्या अश्वशक्तीवर ठोक बिल यायचं. वीज मंडळ एकूण विजेतून मीटरवर नोंदलेली वीज वजा करायचं, गळतीचा एक आकडा धरायचं आणि उरलेली सगळी शेतकऱ्याच्या नावावर टाकायचं. गळती सांगितली जायची 17-18 टक्के. 1999 साली राज्यात वीज नियामक आयोग आला, दरवाढीवर जाहीर सुनावणी झाली. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी कागद मागवून हिशेब ताडून पाहिले, तेव्हा गळती 30 टक्क्यांच्या वर असल्याचं मंडळाला मान्य करावं लागलं. शेतकऱ्याच्या नावे दाखवलेली कितीतरी वीज त्याच्या विहिरीपर्यंत कधी पोचलीच नव्हती.

या सुनावणीची कागदपत्रं वाचूनच मी ऊर्जाधोरणाच्या संशोधनाकडे वळले. शिक्षण इंजिनिअरिंगचं. वीज म्हटली की डोळ्यांपुढे केंद्र, बॉयलर, मेगावॉट. माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच भेटीत अमूल्य रेड्डींच्या लेखांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, “हे वाचून झालं की मग विषय ठरवू.”

रेड्डी मूळचे विद्युत-रसायनशास्त्रज्ञ. जॉन बोक्रिस यांच्यासोबत 1970 साली त्यांनी लिहिलेलं ‘मॉडर्न इलेक्ट्रोकेमिस्ट्री’ जगभरच्या विद्यापीठांत लागलं. त्या शाखेत नाव झालेलं असताना हा माणूस बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ग्रामीण तंत्रज्ञानाकडे वळला. 1974 साली तिथे ‘अस्त्र’ हा गट उभा राहिला. तुमकूर जिल्ह्यात, कुणिगल तालुक्यातल्या उंग्र्याच्या आसपासची सहा गावं त्यांनी अभ्यासाला घेतली. त्यातलं पुरा हे साडेतीनशे वस्तीचं गाव पुढे ऊर्जेच्या अभ्यासकांत जगभर माहीत झालं.

पुऱ्यात त्यांनी काय केलं? मोजलं. चुलीत किती लाकूड जातं, ते कोण आणतं, किती अंतरावरून, किती वेळात. बैल किती तास राबतात, पाणी भरायला दिवसातला किती वेळ जातो. सरपणासाठी एका घराचे दिवसाला सरासरी अडीच तासांहून अधिक मोडत आणि जवळजवळ पाच किलोमीटर चाल पडे, तेव्हा कुठे दहाएक किलो लाकूड घरात येई. गावातल्या एकूण मानवी श्रमात बायकांचा वाटा निम्म्याहून जास्त निघाला. वीजखांब गावात होते, पण गावाच्या एकूण ऊर्जेत विजेचा वाटा नगण्य. सरकारी आराखड्यांत मात्र ‘ऊर्जा’ म्हणजे कोळसा, तेल आणि वीज. डोक्यावरच्या मोळीला रकानाच नव्हता.

माझ्या मते ऊर्जानियोजनात या मोजणीइतकं महत्त्वाचं काम आपल्याकडे फार थोडं झालं आहे. कारण ती मोजणी कागदावर राहिली नाही. गोबरगॅसवर गावाचा स्वयंपाक व्हावा, ही मूळ कल्पना होती. पण घरोघरच्या चुलींना पुरेल एवढं शेणच गावात नव्हतं. मग गावकऱ्यांशी बोलून बेत बदलला. 1987 पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून बोअरचं पाणी नळाला आणि घरात दिवे, असं सुरू झालं. लोक शेण आणून द्यायचे, ते वजन करून घेतलं जायचं, त्याचे पैसे मिळायचे आणि मळी खत म्हणून परत जायची.

पुऱ्यात शिकलेली रीत रेड्डींनी अख्ख्या राज्याला लावून पाहिली. कर्नाटकाच्या सरकारी दीर्घकालीन आराखड्यात सन 2000 साठी सुमारे 9,400 मेगावॉटची गरज धरली होती. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट बाजूने सुरुवात केली. किती घरांना दिवा हवा, किती पंपांना पाणी उपसायचं आहे, कुठला बल्ब बदलता येईल, पाणी तापवायला वीजच कशाला हवी. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या या मांडणीत सगळ्या घरांना वीज देऊनही गरज निघाली 4,000 मेगावॉटच्या आसपास. त्याआधी, 1988 साली ब्राझीलचे गोल्डेम्बर्ग, स्वीडनचे योहानसन आणि अमेरिकेचे विल्यम्स यांच्यासह त्यांनी हाच विचार जगाच्या पातळीवर पुस्तकात मांडला होता.

ही रीत पुण्यात आली ती गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. दाभोळच्या एन्‍रॉन प्रकल्पावरून महाराष्ट्र तापला होता, तेव्हा वाद चालला होता परकीय कंपनी हवी की नको, असा. ‘प्रयास’च्या या अभ्यासकांनी करार वाचला. डॉलरशी बांधलेली देणी आणि वीज घेतली नाही तरी भरावा लागणारा स्थिर आकार यांचा बोजा राज्यावर किती पडेल, याचं गणित त्यांनी 1995 मध्येच मांडलं. पहिला टप्पा 1999 च्या मे महिन्यात सुरू झाला आणि 2001 च्या मेमध्ये बंद पडला; वीज मंडळाला ती वीज परवडेना. गिरीश संत 2012 साली अकाली गेले. आज राज्याराज्यांत आयोगापुढे आकडे घेऊन उभे राहणारे कितीतरी लोक त्यांच्या तालमीत तयार झालेले आहेत.

माझ्या वाट्याला आला तो मीटर नसलेला पंप. विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव डीपीखाली, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखाली, उभं राहायचं, तिथून किती मोटारी चालतात ते वही घेऊन लिहायचं. कागदावर पाच अश्वशक्तीची मोटार विहिरीवर साडेसातची निघते. तीन फेज लाईट आली की ‘ऑटो’ लावलेल्या साऱ्या मोटारी एकदम उठतात आणि 415 व्होल्ट असायला हवेत तिथे आमचं मीटर 340 दाखवतं. मोटार गुरगुरते, तापते, जळते. रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात हंगामात जळक्या मोटारींची रांग लागलेली असते, आणि त्याची वही हा आमच्यासाठी विजेच्या दर्जाचा सर्वांत भरवशाचा दस्तऐवज. व्होल्टेज सावरायला कपॅसिटर बसवा म्हणावं तर शेतकरी विचारतो, “मी एकट्यानं बसवून काय उपेग? बाकीच्यांनी नको का बसवायला?” प्रश्न अगदी रास्त आहे. डीपी सगळ्यांची, तेव्हा उपायही सगळ्यांनी मिळूनच करायला हवा.

रात्रीच्या पाळीचं तर बोलायलाच नको. थंडीत, बिबट्याच्या भीतीत दारं धरायला जाणारा माणूस आणि तो परत येईपर्यंत जागी राहणारी घरची बाई, या दोघांचा खर्च कुठल्याच दरपत्रकात धरलेला नसतो. आम्ही तो तासांत लिहून काढला. असं काम शोधनिबंधांच्या मोजमापात बसत नाही. आयोगापुढे दिलेलं निवेदन पदोन्नतीच्या अर्जात कुठे लिहायचं, असं तरुण सहकारी विचारतात. मी त्यांना अर्जाला वेगळी पुरवणी जोडायला सांगते आणि निवेदन लिहायचं थांबवू देत नाही.

2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या फीडरवरच्या पंपांना दिवसा वीज द्यायची. जिथे हे झालं आहे तिथे लोक मनापासून खूश आहेत. रात्रीचं जागरण सुटलं, हा या योजनेचा खरा लाभ आहे आणि तो ठासून सांगितला पाहिजे. मात्र दिवसभर मोटारी चालल्या की भूजल किती उपसलं जातं, हे पंपाला मीटर नसताना आजही अंदाजानेच सांगावं लागतं.

म्हणून या वर्षीच्या पाहणीत व्होल्टेजच्या शेजारी विहिरीतल्या पाण्याच्या पातळीचा रकाना घातला आहे. तो पाहून एका शेतकरीदादांनी विद्यार्थिनीला विचारलं, “ताई, पाणी खाली गेलं असं तुमच्या कागदात आलं, तर आमची दिवसाची लाईट काढून घेतील का?” तिने प्रश्न जसाच्या तसा वहीत उतरवून घेतला. पुढच्या दरसुनावणीला आमचे आकडे जातील, त्यांच्यासोबत हा प्रश्नही लेखी जाणार आहे.